एकोणीस मार्चचं पान

१

एकोणीस मार्च जागेवर नव्हता.

अठरा होता, वीस होता. मधे काहीच नव्हतं. दप्तर सांभाळणाऱ्या बे चिन आइकने स्क्रीनवर त्या रिकाम्या जागी बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"सहा वर्षांत एक पान हललं नाही, आंटी. हेच कसं गेलं, मला खरंच सांगता येत नाही."

त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. त्या खोलीत खिडकी नव्हती, आणि खुर्ची एकच होती.

"दुसरी मागवत का नाहीस?"

"इथे येतंय कोण?" तो म्हणाला.

माझं नाव खू गाइक सिम. पिनांगच्या एका इस्पितळात तीस वर्षं मी रुग्णांचे कागद सांभाळले. निवृत्त झाल्यावर घरी बोलायला कुणी नाही, म्हणून कारखान्यांची दप्तरं तपासायची कामं घेते. कुठला कागद कुठे असायला हवा होता आणि तो तिथे का नाही, एवढंच मला कळतं. बायान लेपासच्या या कारखान्याने मला बुधवारी बोलावलं तेव्हा सरकारी तपासणी अधिकारी शुक्रवारी येणार होत्या.

इथे सलाइनमधून औषध सोडणारे पंप तयार होतात. पंपाच्या पोटात जे सॉफ्टवेअर असतं, त्याची परीक्षा रोज रात्री आपोआप होते. तळमजल्यावर बारा पंप मांडलेले आहेत. यंत्र त्यांच्यावर चारशे बारा चाचण्या घेतं आणि पहाटे निकालाचं एक पान तयार करतं. सकाळी सहाला ते पान अकरा जणांच्या फोनवर जातं आणि एक प्रत दप्तरात पडते. दप्तर म्हणजे या खोलीतलं मशीन. फोनवरचं पान साठ दिवसांनी पुसलं जातं. दप्तरातलं कायमचं.

जूनच्या चार तारखेला तायपिंगजवळच्या एका छोट्या इस्पितळात रमलाह बिंती हुसेन नावाच्या बाई गेल्या. वय त्रेसष्ट. शाळेत शिवणकाम शिकवायच्या. दुपारी दिवे दोनदा जाऊन आले आणि त्यांच्या उशाशी असलेल्या पंपाने ठरल्याच्या तिप्पट औषध सोडलं. पंप इथला होता.

चाचण्यांची खोली एकाच माणसाच्या ताब्यात होती. देवसहायम रायप्पन, वय पंचावन्न. तो म्हणाला, हा दोष एकोणीस मार्चच्या निकालात दिसला होता आणि मी तो लिहून कळवला होता. सगळे दप्तर बघायला धावले, तर नेमका तोच दिवस गायब. मग कारखान्यात दोन मतं झाली. एक, त्या रात्री त्याने चाचणी घेतलीच नाही. दोन, घेतली, आणि अंगाशी येईल म्हणून त्यानेच पान काढलं. दोन्ही मतांत तोच दोषी होता. त्याला घरी बसवण्यात आलं.

"दप्तरातून पान काढणं कुणाकुणाला जमतं?" मी चिन आइकला विचारलं.

"चौघांकडे पासवर्ड आहे. मी, त्यो बून ह्वा साहेब, अंकल देवा. मी रजेवर असलो तर मझलिना."

"आणि कोण कधी आत शिरलं, त्याची नोंद?"

"ती जुन्या मशीनबरोबर गेली. जूनच्या अखेरीला दप्तर या नव्या मशीनवर हलवलं. ते जानेवारीतच ठरलं होतं, साहेबांना विचारा हवं तर."

म्हणजे चोराच्या पावलांवरून कुणीतरी आधीच झाडू फिरवला होता, आणि तोही रीतसर परवानगी घेऊन.

२

त्यो बून ह्वा हा पंपाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमचा प्रमुख. माझ्याशी बोलताना त्याचे दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवलेले होते आणि दोन्ही थरथरत होते.

"मॅडम खू, खरं सांगू? यात रहस्य काही नाही. त्या रात्री वादळ होतं. वीज गेली. चाचणी झालीच नसणार. अंकल देवाला ते कबूल करायची लाज वाटते, बस."

"तुम्हाला त्या दिवशीचा निकाल आठवतो?"

"हॉलमधला बोर्ड हिरवा होता. तेवढं आठवतं, कारण दोन दिवसांनी मी सॉफ्टवेअर बाहेर सोडायला सही केली."

हॉलमध्ये मोठा पडदा आहे. सगळं ठीक असलं की तो हिरवा असतो, नसलं की लाल.

"चाचणी झाली नाही तर बोर्ड कुठला रंग दाखवतो?"

"आदल्या दिवशीचा."

"आणि एखादी चाचणी नापास झाली तर?"

"हिरवाच. तीनपेक्षा जास्त पडल्या तरच लाल. एखाददुसरी चाचणी उगाच रडते, मॅडम. रोज लाल दिसलं की वरच्यांना धडकी भरते. तो नियम मीच घातला."

"मग एक नापास झाली, हे कळायचं कसं?"

"पान वाचून."

"तुम्ही वाचता?"

"पानाचा आराखडाच माझा आहे. कुठली ओळ कुठे येते, झोपेतून उठवून विचारा. म्हणून तर वाचावं लागत नाही," तो हसत म्हणाला. मी हसले नाही. मग त्याने एक फोन सुलटा केला.

मझलिना मला उपाहारगृहात भेटली. वय एकतीस. पुढ्यात नासी लमाकच्या भाताचं पुडकं होतं, पण वरचा दोराही सोडलेला नव्हता. वीज गेली की पंपाने बॅटरीवर जायचं आणि आली की परत यायचं, तो भाग तिने लिहिलेला. बॅटरी जुनी असली की त्या अदलाबदलीत पंप किती औषध देऊन झालं तेच विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून द्यायला लागायचा.

"मी पान काढलं का, हेच विचारायला आलात ना, आंटी?"

"हो."

"काढलं असतं तर बरं झालं असतं. निदान मी ते पाहिलं तरी असतं." तिने पुडकं बाजूला सारलं. "मी बोर्ड बघते. कधी शंका आली तर पान उघडून फक्त 'कालच्या तुलनेत' ही ओळ बघते. त्यात सगळं कळतं. मार्चमध्ये तीही उघडली नाही."

"पानं दप्तरात लावतं कोण? चिन आइक?"

"छे. अंकल देवाने 'पाठव' दाबलं की आपोआप जातात. कुणाचा हात लागत नाही."

"मग चिन आइक दिवसभर करतो काय?"

"मशीनला गार वारा घालतो," ती म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळली. "असं सगळे म्हणतात. वाईट माणूस नाही तो. मी कधी त्याच्याशी बोलले नाहीये."

परत येऊन मी वीस मार्चचं पान उघडलं. तिने सांगितलेली ओळ अगदी खाली होती.

'४१२ पैकी ४१२ पास. कालच्या तुलनेत: एक सुधारली.'

मी ती दोनदा वाचली. अठराच्या पानावरही ४१२ पैकी ४१२ पास होत्या. वीस तारखेला एक चाचणी सुधारली, तर एकोणीसला ती बिघडलेली असणार. आणि बिघडायला आधी ती व्हायला हवी. वीज गेली असो नाहीतर राहिली असो, एकोणीस मार्चची चाचणी झाली होती आणि तिच्यात एक नापास होती.

देवसहायम खरं बोलत होता.

३

गुरुवारी सकाळी मी कागदी फायलींच्या कपाटाकडे वळले. यंत्रांच्या माणसांना कागदाची आठवण राहत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. दर तीन महिन्यांनी कारखाना सरकारकडे एक पत्र पाठवतो. एकतीस मार्चच्या पत्रात, त्योच्या सहीवर, एक साधं वाक्य होतं: 'जानेवारी ते मार्च, नव्वद दिवस. दप्तरात नव्वद पानं.' आकडा मशीनने मोजलेला होता.

मी बोटांवर दिवस मोजले. एकतीस, अठ्ठावीस, एकतीस. नव्वद. म्हणजे महिनाअखेरीला एकोणीस मार्च आपल्या जागी होता.

इथे माझा सगळा विचार उलटला. आम्ही सगळे धरून चाललो होतो की पान मार्चमध्ये गेलं, सॉफ्टवेअर बाहेर सोडायची घाई होती म्हणून कुणीतरी दोष दडवला. पण सोडून झाल्यावरही पान होतं. ते गेलं नंतर. बहुधा जूनमध्ये, तायपिंगची बातमी आल्यावर. ज्याने काढलं त्याला दोष लपवायचा नव्हता, दोष तर माणूस मारून मोकळा झाला होता. त्याला पानावरचं दुसरं काहीतरी लपवायचं होतं.

काय, ते शोधायला मी शेजारची पानं वाचायला बसले. एकेक, वरपासून खालपर्यंत. त्या कारखान्यात हे करणारी मी पहिलीच असावी असं मला वाटलं होतं.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर, आकड्यांच्या आधी, देवसहायमच्या दोन ओळी होत्या. पाठवण्याआधी तो त्या टाइप करत असे. 'काल खालच्या रस्त्यावरचं झाड पाडलं. आता खोलीत ऊन येईल.' 'आज आमच्या हिला जाऊन नऊ वर्षं झाली. ४१२ पैकी ४१०, दोन्ही जुनीच दुखणी.' मार्चमध्ये त्याच्या बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं होतं. बारा तारखेला पिल्लं निघाली. अठराला लिहिलं होतं, 'पिल्लं अजून घरट्यातच. आई ओरडून थकली, ती ऐकत नाहीत.'

वीसला: '४१२.' बस, तेवढंच.

एकवीसलाही आकडा. बावीसलाही. त्यानंतर त्या माणसाने एक शब्द लिहिला नव्हता.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, यंत्राने स्वतः केलेली नोंद होती. अकरापैकी कुणी पान उघडलं त्याची. सगळीकडे एकच मजकूर. 'पाहिले: १. बे चिन आइक.'

मी खाली जाऊन इकडे प्लास्टिकच्या पिशवीत नळी घालून मिळते तशी काळी कॉफी दोन घेऊन आले. चिन आइक उभ्यानेच प्यायला.

"सगळ्या पानांवर तुझं नाव आहे रे."

"ठेवताना उघडावं लागतं, आंटी."

मी मान डोलावली. मझलिना काय म्हणाली होती ते त्याला सांगितलं नाही.

"देवसहायमशी तुझी ओळख आहे?"

"नाही. जिन्यात दिसतात. मी मान हलवतो, तेही हलवतात."

"एकटाच राहतो म्हणे."

"हो ना. त्यात ती बुलबुलाची पिल्लंसुद्धा उडून गेली," तो म्हणाला आणि पिशवीतल्या नळीने तळाची कॉफी ओढली.

मी हो म्हटलं. जिन्याने खाली उतरले, फाटकाबाहेर येऊन बसची वाट बघत उभी राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं. पिल्लं उडाल्याचं मी कुठेच वाचलं नव्हतं. अठराला ती घरट्यात होती. वीसपासून पुढे त्यांचं नाव नव्हतं.

४

देवसहायमचं घर जेलुतोंगला, एका जुन्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर. त्याने मला चहा दिला, बिस्किटं बशीत मांडली, मग ती बशी एकदा सरळ केली.

"तुम्हीही विचारणार, मी ते काढलं का."

"नाही. तुम्ही काढलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्याजवळ बचावाला तेवढं एकच पान होतं. त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"मी साडेपाचला पोचतो. आदल्या रात्री वादळात तीन वाजता दिवे दोनदा जाऊन आले होते. सात नंबरच्या पंपाची बॅटरी सगळ्यात जुनी. त्याच्या खालची बाटली मी मोजली, तर तिप्पट पाणी. यंत्राने नापास लिहिलंच होतं, पण यंत्राचं कोण ऐकतं? म्हणून मी वर लिहिलं. 'हे उगाच रडणं नाही. मी बाटली स्वतः मोजली. कुणीतरी खाली येऊन बघा.'"

"कुणी आलं?"

"संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग त्यो साहेबांच्या दारात गेलो. फोनवर होते. म्हणाले, अंकल, बोर्ड हिरवा आहे ना?" त्याने बशी पुन्हा सरळ केली. "दुसऱ्या रात्री वीज गेली नाही, सगळं पास झालं. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. मी आणखी आरडाओरडा करायला हवा होता, मॅडम. ती बाई गेली त्यात माझा वाटा आहे. पण मी लिहिलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये."

"घरी एखादी प्रत ठेवली नाहीत?"

"दप्तरात ठेवलेलं परत घरी कशाला आणायचं? दप्तर त्यासाठीच असतं ना?"

मी चहा संपवला.

"त्यानंतर तुम्ही ते माथ्यावरचं लिहिणं थांबवलंत."

त्याने चमकून पाहिलं. "तुम्ही ते वाचलंत?"

"वाचलं. बुलबुलाच्या पिल्लांचं पुढे काय झालं?"

"उडाली. त्याच एकोणीसला. सकाळी निघताना घरटं रिकामं दिसलं. कामावर गेलो, आधी तेच लिहिलं, मग सात नंबरचं."

"आणखी कुणाला सांगितलंत? शेजारी, चर्चमध्ये, फोनवर?"

"पक्ष्याची गोष्ट?" तो कसनुसा हसला. "कुणाला सांगणार, मॅडम? ते लिहायचो तेसुद्धा कुणासाठी नव्हतं. आकड्यांच्या आधी माणसाचा एखादा शब्द असावा, म्हणून आपलं. कुणी वाचत नाही, हे मला माहीत होतं."

मला खात्री करून घ्यायची होती, आणि ती एकाच खोलीत होणार होती.

५

दुपारी चार वाजता मी चिन आइकच्या खोलीत गेले आणि जाताना बाहेरच्या हॉलमधून एक खुर्ची ओढत नेली. दोन्ही खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. तो बसला.

"मी बोलते. चुकलं तर थांबव," मी म्हटलं. "पान मार्चमध्ये नाही, एकतीस मार्चनंतर गेलं. पासवर्ड चौघांकडे. ज्याने काढलं त्याने फक्त एकोणीस काढलं आणि वीस तसंच ठेवलं. वीसच्या पानावर 'कालच्या तुलनेत: एक सुधारली' असं स्वच्छ लिहिलंय, त्यामुळे चोरी तिथेच उघडी पडते. त्योने तो आराखडा स्वतः बनवलाय. त्याने काढलं असतं तर वीसही ठेवलं नसतं, आणि चाचणी झालीच नाही अशी थाप तर मारलीच नसती. मझलिना दुसरं काही वाचत नाही, पण तीच ओळ वाचते. देवसहायमला ते पान हवंच होतं. उरला तो, ज्याला त्या खालच्या ओळीचा अर्थ कळत नाही. जो पानं रोज उघडतो, पण आकडे वाचायला नाही."

तो मशीनकडे बघत होता.

"ठेवताना उघडावं लागतं, असं तू म्हणालास. नाही लागत. आपोआप जातात. आणि पिल्लं उडाली हे एकाच पानावर होतं, चिन आइक."

त्याने खुर्ची जराशी मागे सरकवली.

"आई गेली सहा वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "त्यानंतर सकाळी माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. मग एकदा सहा वाजता फोन वाजला. यादीत माझं नाव होतं म्हणून आलेलं पान. वर लिहिलेलं, 'आज तळमजल्यावर मुंग्यांनी मोर्चा काढलाय.' मला हसू आलं, आंटी. घरात एकट्याने हसलो. मग रोज वाचायला लागलो."

"एकदा खाली जाऊन त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? ते मला थोडंच लिहीत होते? अकरा जणांना लिहीत होते."

"आणि एकोणीसला?"

"वाचलं. आधी पिल्लांचं वाचलं, वाईट वाटलं. मग खालचं. कुणीतरी येऊन बघा. मला वाटलं, अकरा जणांना गेलंय. त्यो साहेब जातील, मझलिना जाईल. मी दप्तरवाला. पंपातलं मला काय कळतं?" त्याने मशीनवरची धूळ बोटाने पुसली. "दुसऱ्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. तेव्हाच मला कळलं होतं की कुणी गेलं नाही. तरीही मी गेलो नाही."

"आणि जूनमध्ये बातमी आली."

"मी पान उघडलं. खाली माझं एकट्याचं नाव. बाकी दहा जणांनी वाचलंच नव्हतं, म्हणून ते सुटले. मी वाचलं, म्हणून मीच अडकलो. काढून टाकलं."

"देवसहायमला घरी बसवलं तेव्हा?"

"रोज ठरवायचो, आज सांगायचं. सकाळी उठलं की धीर नसायचा. पानही येत नव्हतं ना."

मी त्याला धीराचा एकही शब्द दिला नाही. देण्यासारखा माझ्याजवळ नव्हता. एवढंच विचारलं, "ते नष्ट केलंस का?"

त्याने खण उघडला. आतून एक पेनड्राइव्ह काढला आणि मांडीवर धरून बसला.

"तेवढं जमलं नाही. सहा वर्षांचं सगळं यात आहे. रोजच्या वरच्या दोन ओळी उतरवून ठेवल्यात. एकोणीसचं पान मात्र पूर्ण आहे, यंत्राच्या तारखेसकट, माझ्या नावासकट."

"उद्या दहाला अधिकारी जबाब घ्यायला बसतील. मी हे त्यांच्या हातात दिलं तर तो माझा शोध. तू दिलंस तर ती तुझी साक्ष. मी तुला सकाळपर्यंत वेळ देते. पण देवसहायमला मात्र आज सांगणार. तो एक दिवसही जास्त थांबणार नाही."

जेलुतोंगला मी पुन्हा गेले. दारातच सांगितलं. पान सापडलं हे ऐकून देवसहायमने दाराच्या चौकटीला हात लावला. मग कुणी काढलं ते सांगितलं, आणि का, तेही.

"सहा वर्षं?" त्याने विचारलं.

"रोज."

"मुंग्यांचंसुद्धा?"

"तिथूनच सुरुवात केली त्याने."

तो आत जाऊन बसला. म्हणाला, "आमच्यामध्ये एक जिना होता फक्त." आणि मग, जरा कडक आवाजात, "त्याने वाचलं होतं, मॅडम. वाचून तो घरी बसला, आणि एक बाई गेली."

"हो," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

६

शुक्रवारी नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात चिन आइक एका बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेनड्राइव्ह. समोरच्या खोलीत अधिकारी बाई कागद लावत होत्या. हॉलमधून माणसं येत-जात होती. बातमी फुटलेली असावी, कारण त्या बाकाजवळून जाताना प्रत्येक जण भिंतीच्या कडेने जात होता. मझलिना तेवढी थांबली, काहीतरी बोलावं म्हणून ओठ हलवले, आणि पुढे गेली.

त्या दिवसानंतर जे व्हायचं ते झालं. अकराशे पंप परत मागवले गेले. बोर्डाचा नियम बदलला, आणि त्योलाही त्या खुर्चीवर ठेवलं नाही. अधिकारी बाई स्वतः तायपिंगला गेल्या आणि रमलाहच्या मुलीला त्यांनी खरं काय ते सांगितलं. चिन आइकची नोकरी गेली, ती जाणारच होती. देवसहायमला परत बोलावणं आलं. तो गेला की नाही, ते मी विचारलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी बोळात एक बाक होता आणि त्यावर एक माणूस.

पावणेदहाला लिफ्ट उघडली आणि देवसहायम बाहेर आला. त्यालाही बोलावलेलं होतं, पण बाराला. तो बाकापाशी येऊन थांबला. चिन आइक उठून उभा राहिला.

"अंकल, मी..."

"बस," देवसहायम म्हणाला. "मला अजून तुझा राग आहे. तो जाणार नाही इतक्यात."

"हो."

"आत काही झाकू नकोस."

"नाही झाकणार."

देवसहायम बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. दहा वाजता दार उघडून कुणीतरी नाव पुकारलं. चिन आइक दोन पावलं गेला आणि वळला.

"तुमचा नंबर बाराला आहे, अंकल. खाली उपाहारगृहात बसा ना. मला खूप वेळ लागेल."

"लागू दे," देवसहायम म्हणाला. "मी इथेच थांबतो."